तालुक्याच्या कारखान्यात पहिलं डायव्हर्सिटी ट्रेनिंग घेताना

वणी, राजुरा, हिंगणघाट, तुमसर अशा ठिकाणी जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात), सिमेंट कारखान्यात, राइस मिलमध्ये किंवा खाणीच्या ठेकेदाराकडे तुम्ही नुकतेच एचआर, टाइम ऑफिस (हजेरी आणि पाळ्या पाहणारं) किंवा सुपरवायझर म्हणून लागला असाल, तर कधी ना कधी मुख्य कार्यालयाचा मेल येणारच: सर्व कामगारांचं डायव्हर्सिटी ट्रेनिंग घ्या आणि फोटो पाठवा. सोबत स्लाइड्स असतात. त्या पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या ऑफिसांसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांचा मुख्य सल्ला एकच असतो: एकमेकांची संस्कृती जाणून घ्या.

शहरात तो सल्ला बरोबर आहे. हिंजवडीत शेजारी बसणारी मुलगी मणिपूरची की मिझोरामची हे सहकाऱ्याला माहीत नसतं आणि त्या अज्ञानातून तिला लागेल असं काहीतरी तो बोलून जातो. आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. इथं प्रत्येकाला प्रत्येकाची जात, मोहल्ला, शेत किती, बाप काय करायचा, हे सगळं ठाऊक असतं. ते मनात घेऊनच माणूस गेटच्या आत येतो. मग कोणाला मशीनवर घ्यायचं आणि कोणाच्या हाती झाडू द्यायचा, कोणाला 'भाऊ' म्हणायचं आणि कोणाला 'ए बे', हे त्यावरूनच ठरतं. गावात असलेली उतरंड कारखान्यात चालू द्यायची नाही, हे आपल्या ट्रेनिंगचं काम. पुढच्या पायऱ्या याच समजुतीवर रचल्या आहेत.

पहिली पायरी: आठवडाभर फिरा, कोणाला काही विचारू नका

वही घेऊन चौकशीला बसलात तर एकच उत्तर मिळेल: "आमच्याकडे तसं काही नाही जी, सगळे मिळून राहतो." त्यामुळे आधी नुसतं पाहा. पाण्याच्या कॅनजवळ ग्लास किती आहेत आणि एखादा माणूस रोज घरून आणलेल्या बाटलीतूनच का पितो? जेवणाच्या सुटीत कोणते घोळके बनतात? भिंतीकडे एकटा कोण बसतो? संडास धुण्याचं काम आलटूनपालटून होतं की ठरलेल्या दोघांकडेच जातं? मशीन शिकायची संधी कोणाला मिळते?

आणि हाक मारताना कान उघडे ठेवा. आपल्या भागात सगळं हाकेत कळतं. तिशीतला सुपरवायझर पन्नाशीच्या कोलाम आदिवासी माणसाला 'ए बे' म्हणतो आणि त्याच वयाच्या दुसऱ्याला 'काका, या जी' म्हणतो. त्याला स्वतःला हे जाणवतही नसतं. वहीत त्याचं नाव लिहू नका, प्रसंग तेवढा लिहा. बैठकीत तो नावगावाशिवाय वापरायचा आहे.

जातीचा रकाना असलेला फॉर्म मात्र वाटू नका. सरकारी किंवा राखीव जागांच्या नोंदींसाठी लागणारी माहिती आधीच दुसरीकडे असते. ट्रेनिंगसाठी तिची गरज नाही. तुम्हाला नोंद हवी ती भाषांची. कोरपना-राजुरा-जिवतीच्या पट्ट्यात एकाच पाळीत वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, तेलुगू, गोरमाटी (बंजारा बोली) आणि बिहार-झारखंडची हिंदी ऐकू येते. जिवतीत मराठवाड्यातून येऊन वसलेली कुटुंबंही भरपूर आहेत. गोंदियाकडे पोवारी आणि छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली, मेळघाटात कोरकू. 'आपल्याकडे सगळे मराठीच' असं मॅनेजर म्हणाले तर ही यादी त्यांच्यासमोर ठेवा.

दुसरी पायरी: मालकाशी आधी बोलून घ्या

बैठकीत समानतेचं बोलायचं आणि बाहेर आल्यावर माठाशेजारी वेगळा ग्लास, असं झालं तर तुमचा शब्द पुन्हा कोणी ऐकणार नाही. त्यामुळे तारीख ठरवण्याआधी चार गोष्टी करून घ्या: पाण्याची एकच व्यवस्था, सफाईच्या कामाची फिरती पाळी किंवा त्यासाठी वेगळा पगारी माणूस, बायकांसाठी आतून कडी लागणारं बाथरूम आणि ट्रेनिंगच्या वेळेचा पूर्ण पगार. रोजंदारीवाल्याचा तास कापून त्याला सन्मानाचे धडे देऊ नका.

मालक म्हणतील, "गावाच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?" तेव्हा कायदा शांतपणे सांगा. अस्पृश्यता राज्यघटनेच्या कलम 17 नं संपवली आहे. ती पाळणं 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून जाहीर अपमान 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात येतो. कारखान्याच्या आवारात हे घडलं तर ते गावापुरतं राहत नाही.

याच बैठकीत अंतर्गत तक्रार समितीची चौकशी करा. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार जिथं 10 किंवा जास्त लोक काम करतात तिथं ही समिती हवीच. अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. जिनिंगमध्ये हमखास ऐकू येणारं उत्तर असं: "बाया आमच्या नाहीत, मुकादमाच्या आहेत." कायदा ते मानत नाही. रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, हंगामी, सगळ्याच महिला त्यात मोडतात. समिती कागदावरच असेल तर आधी ती खरी करा, सदस्यांची नावं आणि फोन नंबर मराठीत आणि हिंदीत भिंतीवर लावा, मग ट्रेनिंगला हात घाला. 'सांगायचं तर कोणाले सांगू?' हा प्रश्न बायका पहिल्याच बैठकीत विचारतात.

तिसरी पायरी: दिवस, जागा, गट

आठवडी बाजाराचा दिवस नको, पगाराचा दिवस नको. जिनिंगमध्ये कापसाची आवक जोरात असताना तर मुळीच नको. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, हंगाम तोंडावर असताना, वेळ चांगली असते. वीस-पंचवीस जणांचा गट, पाऊण तास, सगळे एकाच उंचीवर. खुर्च्या कमी असतील तर साहेबांसकट सगळे सतरंजीवर. मुकादम आणि सुपरवायझर यांची बैठक वेगळी आणि आधी घ्या, कारण कामगार त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलतात. बायकांची पहिली बैठक वेगळी, दुसरी सगळ्यांबरोबर.

फळ्यावर इंग्रजी नाव लिहू नका. 'कामावरच्या वागणुकीची बैठक' पुरे.

चौथी पायरी: सुरुवात पुण्यापासून करा

पहिला प्रश्न असा विचारा: तुमच्यापैकी पुण्याला, चाकणला, हैदराबादला, सुरतला कोण कोण कामाला जाऊन आलं? चार-पाच हात तरी वर जातात. मग विचारा, तिथं तुमच्या बोलण्यावर कोणी हसलं का? खोली देताना आडनाव विचारलं का? 'नक्षलवादी एरियातला' असं कोणी म्हटलं का?

इथं लोक मोकळे होतात. गडचिरोलीच्या पोराला शहरात काय काय ऐकावं लागतं ते तो तावातावानं सांगतो. 'मले', 'तुले' म्हटल्यावर सुपरवायझर कसा नक्कल करायचा तेही कोणीतरी करून दाखवतं. सगळ्यांना बोलू द्या, घाई करू नका. मग त्यांनी सांगितलेलंच फळ्यावर लिहा: बोलीवर हसणं, आडनावावरून खोली नाकारणं, जिल्ह्यावरून शिक्का मारणं. आणि विचारा, यातलं आपल्या आवारात काय होतं? छत्तीसगढच्या बाईच्या बोलण्याची नक्कल कोण करतं? बिहारहून आलेल्याला नाव आहे की तो नुसताच 'ए बिहारी' आहे? शांतता पसरेल. ती लगेच भरून काढू नका, उत्तर त्यांच्यातूनच येऊ द्या.

हे झालं की एक नियम तिथल्या तिथं ठरवून घ्या: हाक नावानं. वयानं मोठ्याला भाऊ किंवा काका, बाईला ताई किंवा बाई, आणि हे सगळ्यांना सारखं. जातीवरून, जिल्ह्यावरून, अंगातल्या व्यंगावरून पडलेली टोपणनावं बंद. 'आम्ही गमतीनं म्हणतो, त्याले राग येत नाही' असं कोणी म्हणेल. ज्याला तसं म्हणतात त्याला सगळ्यांसमोर 'तुला चालतं का' असं विचारू नका. त्या घोळक्यात तो 'चालते' असंच म्हणेल.

पाचवी पायरी: ड्यूटीचा तक्ता त्यांनाच लावायला द्या

स्लाइड्सऐवजी हा एकच खेळ घेतलात तरी बैठक वाया जात नाही. पाच-पाच जणांचे मिश्र गट करा. प्रत्येकाला वर्षाचं कोरं कॅलेंडर द्या आणि सांगा: कारखाना एक दिवसही बंद ठेवायचा नाही, तरी प्रत्येकाला त्याचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस मिळाला पाहिजे. लावा पाळ्या.

मग एकेक दिवस बाहेर येतो. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा केला. नागपूरला दसऱ्याला लोक जमतात, तर चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर 15-16 ऑक्टोबरला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कारखान्यात नुसती दसऱ्याची सुटी देऊन 'झालं की' म्हणणाऱ्या टाइम ऑफिसला हा फरक माहीतच नसतो. बंजारा कामगाराला रामनवमीला वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला जायचं असतं. गोंड कुटुंबं माघ पौर्णिमेच्या सुमाराला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला निघतात. सिरोंचा-अहेरीकडच्या लोकांची दर दोन वर्षांनी तेलंगणातल्या मेडारामच्या जत्रेला जायची तयारी असते. बिहारवाल्यांना दिवाळीपेक्षा दिवाळीनंतर सहाव्या दिवशीची छठ महत्त्वाची. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या घरी बैलजोडी आहे तो कामावर येणारच नाही, आणि उगाच भांडण कशाला, ती सुटी आधीच मांडा. ईद आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात, म्हणून ते तारखेनं पाठ न करता दरवर्षी नव्यानं लिहायचे.

तक्ता लावताना गटात आपोआप देवाणघेवाण सुरू होते. 'छठला तुझी पाळी मी करतो, 16 ऑक्टोबरला तू माझी कर.' एरवी एकत्र जेवायला न बसणारी माणसं इथं एकमेकांच्या उपयोगी पडतात, आणि ते सगळ्यांसमोर. तुम्ही फक्त एक पाहा: गटातल्या सगळ्यात गप्प माणसाचा दिवस कॅलेंडरवर आला का? शेवटी यातला एक तक्ता मॅनेजरच्या सहीनं खरोखर लागू करा. लागू करायची तयारी नसेल तर हा खेळ घेऊच नका, लोकांना ते फसवणुकीसारखं वाटेल.

सहावी पायरी: 'कामचोर' या शिक्क्याकडे बघा

आपल्या भागात हे वेगळं सांगावंच लागतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या कुटुंबांत, मोठ्या प्रमाणावर आहे. 'एएस' म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. 'एसएस' म्हणजे रुग्ण. त्याला पाणी कमी पडलं, थंडी लागली किंवा अंगावर फार काम पडलं की हाडासांध्यांत असह्य वेदना उठतात. काल धडधाकट गठाण उचलणारा माणूस आज उठूही शकत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून मुकादम म्हणतो नाटक करतो, आणि हाच शिक्का पुढं त्याच्या पूर्ण समाजाला लागतो: 'हे लोक असेच.' एका रक्तदोषावरून माणसांची अशी बदनामी होते याचं मला फार वाईट वाटतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मानलेल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. कुष्ठरोगातून बरा झालेला माणूसही त्यात आहे. आनंदवन ज्या जिल्ह्यात उभं राहिलं तिथंही बरा झालेल्या माणसाच्या हातचं पाणी टाळणारे लोक आहेत, म्हणून हेही मोकळेपणानं सांगा: उपचार पूर्ण झालेल्यापासून लागण होत नाही. सोय काय करायची तर साधीच. चंद्रपूर-वर्ध्याचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढं जातो, तेव्हा सगळ्यांनाच दर तासाला पाणी आणि सावलीत बसायला वेळ. सिकलसेलच्या रुग्णाला त्याच्या मागणीप्रमाणे हलकं काम. आजाराचा कागद फक्त टाइम ऑफिसकडे, मुकादमाच्या हाती नाही. रक्ताचा रिपोर्ट गावात फिरला की लग्नं मोडतात.

तृतीयपंथी कामगारांबद्दलही इथंच बोला. 2019 चा कायदा नोकरीत त्यांच्याशी भेदभाव करायला मनाई करतो आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगतो. नाव त्या सांगतील ते, बाथरूमची सोय त्यांना विचारून. एवढं सांगून पुढं जा. लांबण लावलीत की टिंगल सुरू होते आणि ती त्याच माणसाच्या वाट्याला येते.

सातवी पायरी: अवघड प्रश्नाला तयार राहा

'बाहेरचे येऊन आमचं काम खातात' हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे. ज्यांची जमीन खाणीत किंवा कारखान्यात गेली त्या प्रकल्पग्रस्तांचा नोकरीचा हक्क ही खरी, जुनी लढाई आहे. पण ती भरती करणाऱ्याशी आहे. पोटासाठी झारखंडहून आलेल्या माणसानं त्यांची जमीन घेतलेली नाही. हे दोन्ही त्याच बैठकीत, त्याच आवाजात म्हणा, आणि प्रकल्पग्रस्तांची मागणी लिहून घेऊन मॅनेजमेंटपर्यंत पोचवा. पोचवल्याचं पुढच्या वेळी सांगा. आणखी एक लक्षात आणून द्या. आपल्या भागातल्या डोंगरात पिढ्यानपिढ्या राहणारे कोलाम आणि माडिया हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी दोन आहेत. 'स्थानिकाला मान' हा नियम असेल तर आवारात पहिला मान त्यांचा हवा. तो आज आहे का, ते सगळ्यांनी आजूबाजूला पाहून ठरवावं.

आरक्षणावर वाद पेटला तर तिथंच थांबवा: ते भरतीचं आणि कायद्याचं आहे, आपण इथं कामावरच्या वागणुकीसाठी बसलो आहोत. तुमची बाजू लपवू नका, पण पाऊण तास त्यात घालवू नका.

डब्यावरून होणारी कुरबूर, सुकट-बोंबलाचा वास, अंडी, मटण, यावर एकच सांगा: आपला डबा आपण खायचा, दुसऱ्याच्या डब्यावर बोलायचं नाही. वेगळं बसायचं असेल तर ज्याला त्रास होतो त्यानं उठावं, डबेवाल्याला उठवू नये.

शेवटची पाच मिनिटं सुरक्षेला द्या. थांब, आग, लाइट बंद, हे तीन शब्द प्रत्येक भाषेच्या माणसाकडून बाकीच्यांना शिकवून घ्या. तेलुगूत 'आगु' म्हणजे थांब, जिनिंगमध्ये 'आग' म्हणजे पळा. ही गल्लत रुईच्या ढिगाजवळ जिवावर बेतू शकते. ज्याला एरवी कोणी विचारत नाही तो माणूस इथं सगळ्यांचा शिक्षक होतो.

आठवी पायरी: बैठकीनंतर जो एकटा येईल त्याच्यासाठी

बैठक संपल्यावर, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कोणीतरी गेटजवळ घोटाळत राहील. त्याचं किंवा तिचं ऐकणं हे तुमच्या कामातलं सगळ्यात जोखमीचं काम आहे, कारण इथं कारखान्यातली गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोचते. सरपंच, मुकादम, तक्रारदाराचा दीर, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा मामा, सगळे एकाच पारावर बसतात. म्हणून केबिनमध्ये बोलावून दार लावू नका, त्यावरूनही चर्चा होते. हजेरी किंवा पीएफच्या निमित्तानं टाइम ऑफिसमध्ये बोला.

तक्रार लैंगिक छळाची असेल तर ती समितीची आहे, तुमची नाही. घटनेपासून 3 महिन्यांत लेखी द्यावी लागते, कारण पटलं तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून देण्यासाठी मदत करणं समितीवर बंधनकारक आहे, ही गोष्ट तिला आवर्जून सांगा. चौकशी 90 दिवसांत. समेट फक्त तिनं स्वतः मागितला तरच, आणि पैसे देऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही. 'चार माणसं बसून मिटवू' असं म्हणत येणाऱ्या चार माणसांना दारातूनच परत पाठवा. तिचं नाव, चौकशीतलं काहीही, बाहेर सांगायला बंदी आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, किंवा दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणची असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून आधीच आणून ठेवा.

जातीवरून अपमानाची तक्रार असेल तर साक्षीदार, वेळ, नेमके शब्द लिहून घ्या आणि पोलिसांकडे जाण्याचा हक्क त्याला स्पष्ट सांगा. 'कंपनीचं नाव खराब होईल' हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये.

नववी पायरी: महिन्यानं पुन्हा फिरा

अभिप्रायाचे फॉर्म भरून घेऊ नका, त्यावर सगळे 'खूप छान' लिहितात. पहिल्या आठवड्याची वही काढा आणि तेच पुन्हा पाहा: ग्लास, डब्याचे घोळके, झाडू कोणाच्या हातात, मशीनवर नवा कोण, 'बे' कोणाला. जे बदललं नाही त्यावर मॅनेजरकडे एकच मागणी घेऊन जा, दहा नको. पहिली मागणी मशीन शिकवण्याची ठेवा. ज्या गटातल्या कोणालाच आजवर फिटरच्या हाताखाली घेतलं नाही त्यातल्या एकाला घ्या. पगार त्यानं वाढतो, आणि त्याच्याकडे बघण्याची नजरही.

हंगामात मुकादम नवी टोळी घेऊन येतो तेव्हा पूर्ण बैठक शक्य नसते. पहिल्या दिवशी सुरक्षेच्या सूचना देताना वीस मिनिटं जोडा: हाकेचा नियम, पाणी, तक्रार कोणाकडे, तीन शब्द. हे त्या टोळीतल्याच माणसाकडून त्यांच्या भाषेत सांगवा, आणि त्या वीस मिनिटांचा पगार हजेरीत धरला की नाही हे त्याच संध्याकाळी तपासा.